एस म्हणजे सावकाश

रविवारच्या उपासनेत दुसरं गीत संपलं, पाळकांनी शास्त्रपाठ काढला आणि नेमका तेव्हाच प्रार्थना साळवेचा फोन पर्समध्ये चौथ्यांदा थरथरला. पर्स लाकडी बाकावर होती. त्यामुळे ती थरथर एकट्या पर्सची न राहता सगळ्या बाकाची झाली. शेजारच्या रोझीमावशींनी डोळे मिटलेलेच ठेवून एक भुवई उचलली. समोर गायकवृंदात उभ्या असलेल्या पप्पांनी, म्हणजे निवृत्त मराठी शिक्षक कृपादान साळवे सरांनी, पस्तीस वर्षं वर्गावर रोखलेली नजर लेकीवर रोखली. पाचव्या थरथरीला प्रार्थना पर्स पोटाशी धरून बाहेर आवारात आली.

"हॅलो?"

"मॅडम, सोनखडी ग्रामपंचायतीतून बोलतोय. शाळेपाशी दीडशे मानूस फावडी-घमेली घेऊन हुभं हाय."

"बरं, मग?"

"मग काय? तुमचा भोंगा म्हनला या, म्हनून आले. आता करायचं काय, ते भोंगा सांगंना."

तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसऱ्या गावाचा आला. तिथं ऐंशी माणसं होती. तिसऱ्या गावात माणसं कमी होती, पण त्यांनी ट्रॅक्टर आणला होता.

प्रार्थना नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. शहराचं नाव बदलून अहिल्यानगर झालं होतं, पण घरी सगळे अजून 'नगर'च म्हणत. सात वर्षांपूर्वी तिनं 'हाळी' नावाचा एक सर्व्हर लिहिला होता. ग्रामपंचायतीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालू केला की माणूस माइकवर बोलेल ते गावच्या भोंग्यावर वाजायचं आणि ज्यांना हवं त्यांच्या मोबाईलवरही जायचं. नळाला पाणी कधी येणार, डोस पाजायला नर्सताई कधी येणार, असल्या हाळ्या. सॉफ्टवेअर खुलं होतं. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही त्यात भर घालावी. पारनेर तालुक्यातल्या अकरा गावांनी ते घेतलं आणि एकमेकांना जोडूनही घेतलं, कारण बिबट्या काही गावची शीव बघून फिरत नाही. एका गावात दिसला की अकराही गावांत पूर्ण आवाजात हाळी जावी, अशी ती सोय होती.

खुल्या कामात भर घालणारे हात पुष्कळ, आणि प्रत्येक हाताची सवय वेगळी. सर्व्हर चालू करताना त्याला काही सूचना द्यायच्या असतात. एक छोटी आडवी रेघ आणि पुढे एक अक्षर. भोंग्याचा भाग लिहिला कोपरगावच्या रविराजनं. त्यात एस म्हणजे 'सावकाश', मंद आवाजात वाजव. मोबाईलचा भाग प्रार्थनाचा. तिथं एस म्हणजे 'सगळीकडे', सगळ्या गावांना पाठव. नोंदींचा भाग अकोल्याच्या एका मास्तरांनी सुट्टीत लिहून दिलेला, त्यात एस म्हणजे 'साठव'. एकच एस तीन घरी तीन नावांनी नांदत होता.

प्रार्थनाला हे बघवत नव्हतं. तिनं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून सगळी अक्षरं एका मापाची केली. एस म्हणजे सगळीकडे 'सगळीकडे'. मंद आवाजासाठी एच, म्हणजे 'हळू'. साठवायला टी, 'टिपून ठेव'. काम इतकं नेटकं झालं की तिनं स्वतःसाठी आइस्क्रीम मागवलं.

रविराजनं तेव्हाच फोन केला होता.

"ताई, सगळं झकास केलंय. पण एसला नवा अर्थ लगेच देऊ नका. वर्षभर त्या अक्षराला सुट्टी द्या. कोणी एस टाकला तर सर्व्हरनं सरळ 'हे आता चालत नाही' म्हणून थांबावं."

"अरे, बदल काय काय केले ते सविस्तर लिहिलंय मी. चार पानं आहेत."

"वाचणार कोण?"

"चालवणारे वाचतील ना!"

रविराज यावर फक्त "बरं" म्हणाला होता. कोपरगावकडचा माणूस "बरं" म्हणतो तेव्हा त्याला ते बरं वाटलेलं नसतं, हे तिला आत्ता चर्चच्या आवारात, गुलमोहराखाली उभं असताना कळलं. शनिवारी नवी आवृत्ती अकराही गावांत आपोआप पोचली होती. मोबाईलवर नोंदी उघडल्या तेव्हा सकाळची हाळी त्यातल्या बोरदरा गावाहून सुटल्याचं दिसलं.

"पप्पा," प्रार्थनानं उपासना संपताच बापाला दारातच गाठलं, "बोरदऱ्याला जायचंय. आत्ता."

"कोण वारलं?"

"अजून कोणी नाही."

बोरदऱ्यात त्या सकाळी काय घडलं, ते प्रार्थनानं नंतर दहा जणांना विचारून जुळवलं.

बोरदऱ्याच्या सरपंच बनुबाई. वय साठीला टेकलेलं, शाळा चौथीपर्यंत, पण शब्द एकदा तोंडातून गेला की परत घ्यायची सवय नाही. शाळेमागची दगडी बारव बनुबाई सासरी आल्या तेव्हा पाण्यानं भरलेली असायची, पायऱ्या उतरून बाया पाणी भरायच्या. आता ती गाळानं गळ्यापर्यंत भरली होती आणि शाळेतली पोरं पाण्याच्या बाटल्या घरून आणत होती. पावसाळ्याआधी गाळ काढायचाच, असं बनुबाईंनी ठरवलं. दोनदा श्रमदान पुकारलं. पहिल्यांदा लग्नाची दाट तीथ निघाली, दुसऱ्यांदा क्रिकेटचे सामने. उपसरपंच वैजनाथ भर सभेत म्हणाले होते, "बनुकाकू, गाव काय आता जमत नसतंय. मशीन मागवा न्हाईतर इषय सोडा." त्यावर बनुबाई म्हणाल्या, "ह्या रईवारी गाव जमलं न्हाई तर सोमवारी राजीनामा देते."

म्हणून रविवारी पहाटेपासून बचत गटाच्या बाया शाळेच्या पटांगणात दोनशे माणसांची आमटी आणि बाजरीच्या भाकरी करत बसल्या होत्या. आणि आठ वाजता बिभीषणनं ग्रामपंचायतीत 'हाळी' चालू केली.

बिभीषण हा तिथला ऑपरेटर. पन्नाशीचा, सरळ, कामात चोख, कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी चप्पल बाहेर काढणारा. सर्व्हर कसा चालू करायचा ते एका कागदावर लिहून त्यानं भिंतीला चिकटवलं होतं आणि त्याला प्लॅस्टिक लावलं होतं. त्या ओळीत एस होता. कारण बोरदऱ्याचा भोंगा आरोग्य उपकेंद्राच्या शेजारी होता आणि तिथं बाळंतिणी असायच्या. एस म्हणजे सावकाश. तीन वर्षं रोज सकाळी बिभीषण ती ओळ एकेक अक्षर बघून टाइप करत आला होता. त्या दिवशीही त्यानं तशीच केली, घसा खाकरला आणि माइक जवळ ओढला.

"नमस्कार मंडळी! आज आपल्या गावात श्रमदान हाय. घरटी येक मानूस, फावडं-घमेलं घेऊन शाळेपाशी जमावं. काम झाल्यावर जेवान हाय."

सावकाशीची सूचना गेल्यामुळे भोंगा पूर्ण ताकदीनं कडाडला. बोरदऱ्यात भोंगा एवढ्यानं वाजतो तो एकाच कारणासाठी. शब्द ऐकायला कोणी थांबलंच नाही. पोरं आत ओढली गेली, शेळ्या पडवीतून घरात आल्या, दारांना कड्या लागल्या आणि बिबट्याला पळवण्यासाठी घराघरातून ताटं बडवायला सुरुवात झाली. ताटांच्या त्या गजरात पुढची सूचना कोणाच्या कानावर पडणार?

इकडे इतर दहा गावांत मात्र बिभीषण स्वच्छ ऐकू गेला. तिथले भोंगे रोजच्याच आवाजात म्हणाले, आपल्या गावात श्रमदान आहे, शाळेपाशी जमा. शाळा काय, प्रत्येक गावाला असते. लोक फावडी घेऊन निघाले.

पंधरा मिनिटांत बिभीषणला त्याचा आवाज ओळखणाऱ्या एका पावण्याचा पहिला फोन आला, "आमच्या शाळेपाशी कुनीच न्हाई, काय चाललंय?" बिभीषणला वाटलं, शेजारच्या गावापर्यंत आवाज पोचतोय. त्यानं लगेच खुलासा केला.

"सूचना! ही हाळी फकस्त आपल्या गावासाठी हाय. भायेरच्या गावांनी लक्ष देऊ नये!"

दहाही गावांनी ऐकलं की हाळी फक्त आपल्या गावासाठी आहे. जे चहा पीत बसले होते तेही उठले.

त्यानंतर चार फोन आले. बिभीषणनं तिसऱ्यांदा माइक घेतला.

"आपल्या गावच्या लोकांनी उशीर करू नये! सरपंचबाई सोता शाळेपाशी वाट बघत्यात!"

सोनखडीला सरपंच पुरुष होते, भरघोस मिशांचे. "सरपंचबाई" ऐकल्यावर त्यांच्या विरोधकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, काय झालं असेल ते असो, पेढे आणायला माणूस धाडला.

बोरदऱ्यात तिसऱ्या हाळीनंतर ताटांचा आवाज दुप्पट झाला. तीनदा भोंगा वाजला म्हणजे बिबटे तीन असणार, असा हिशेब कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकला. कोणीतरी गेल्या वर्षीचा फोटो टाकला. एकानं तर "बारवेपाशी शेपूट दिसलं" असं लिहून खाली हात जोडले.

शाळेपाशी चुलीजवळ बसलेल्या बायांना बिबट्या नाही हे ठाऊक होतं. बनुबाईंनी सुंदराला दारोदार सांगायला पाठवलं. ती पहिल्याच दारात शिरली ती परत आलीच नाही. मग दुसरी गेली. तीही नाही आली. शेवटी बनुबाई स्वतः निघाल्या आणि वैजनाथांचं दार ठोठावलं.

"वैजनाथ, दार उघड! बिबट्या-बिबट्या काय न्हाई!"

दार वीतभर उघडलं, आतून हात आला आणि सरपंचांचं मनगट धरून ओढू लागला. "काकू, आधी आत या! राजीनाम्याचं नंतर बघू, जीव म्हत्त्वाचा हाय!" सुंदराही त्याच घरात होती. तिला माजघरात बसवून चहा पाजला होता आणि बाहेर सोडत नव्हते. बनुबाईंनी हिसडा मारून हात सोडवला म्हणून वाचल्या.

त्या परत शाळेपाशी आल्या. दोनशे माणसांची आमटी उकळत होती. पटांगणात त्या, सात बाया आणि एक कुत्रं. बनुबाई भाकरीच्या टोपलीशेजारी बसल्या आणि पदरानं चेहरा पुसू लागल्या. धूर डोळ्यात गेला असं म्हणावं, तर धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

प्रार्थना आणि साळवे सर स्कूटरवरून पोचले ते याच वेळी. तिला वाटलं होतं, चिडलेली गर्दी असेल. गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि घरं आतून वाजत होती.

ग्रामपंचायतीत बिभीषण भिंतीकडे तोंड करून बसला होता. सर्व्हरची वायर त्यानं उपटून हातात धरली होती.

"मीच प्रार्थना साळवे," ती म्हणाली. "हे सगळं माझ्यामुळं झालंय."

बिभीषण उभा राहिला. "न्हाई ताई. चूक माझीच असंल. पर देवाशपथ सांगतो, कागदावर हुतं त्येच टाकलं. येक अक्षर हिकडचं तिकडं केलं न्हाई."

प्रार्थनानं त्या प्लॅस्टिक लावलेल्या कागदाकडे पाहिलं. ओळ अगदी बरोबर होती. अक्षराचा अर्थ तिनं नगरमध्ये पंख्याखाली बसून बदलला होता, आणि ज्या माणसाला ते सांगायला हवं होतं त्याच्यासाठी इंग्रजीत चार पानं लिहून ठेवली होती. या सगळ्या प्रकरणात आपलं काम तंतोतंत करणारा माणूस एकच होता, आणि तोच भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बिभीषणदादा, तुम्ही बरोबर होतात," ती म्हणाली. "मी चुकले."

दारात उभ्या असलेल्या साळवे सरांनी चष्मा पुसला. लेकीच्या तोंडून हे वाक्य त्यांनी फार वर्षांनी ऐकलं होतं.

तिनं वायर परत जोडली, ओळीतला एस काढून एच टाकला आणि तिथूनच रविराजला फोन लावला.

"रविराज, तू म्हणाला होतास तसं करूया. एसला सुट्टी. कोणी टाकलाच तर सर्व्हरनं चालू न होता मराठीत विचारावं, तुम्हाला 'हळू' हवंय की 'सगळीकडे'."

"करतो ताई. तासाभरात पाठवतो." मग त्यानं विचारलं, "काय जास्त झालंय का?"

"दहा गावं शाळेपाशी उभी आहेत आणि अकरावं घरात बसलंय."

रविराज "बरं" म्हणाला. हे "बरं" मात्र हसू दाबणारं होतं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. तांबोळवाडीची माणसं होती, तीस-पस्तीस तरी. बोरदरा आणि तांबोळवाडी यांच्यात एक ओढा आणि तीन पिढ्यांचं वाकडं. तांबोळवाडीनं तासभर आपल्या शाळेपाशी वाट पाहिली होती. मग गोरक्ष नावाच्या एका म्हाताऱ्यानं आवाज ओळखला, "अरं, ह्यो तर बोरदऱ्याचा बिभीषण!" आणि सगळे भांडायला म्हणून टेम्पोत चढले होते.

गोरक्षआबा तावातावानं पटांगणात आले आणि थबकले. पुढे भरलेली पातेली, शीग लागलेली टोपली आणि सात बायांत बसलेली सरपंच.

"बनुबाई, गाव कुठं हाय तुमचं?"

"घरात हाय, आबा. बिबट्याला भिऊन." बनुबाई उठल्या. "तुमास्नी फुकट तरास झाला. आलाच हाय तर दोन घास खाऊन जावा. एवढं अन्न वाया जायाचं."

तिथून खरं भांडण व्हायचं, पण ते राहूनच गेलं. गोरक्षआबांनी एकदा आमटीकडं पाहिलं, एकदा बारवेकडं पाहिलं.

"फुकाट खायाला काय आमी भिकारी हाय का?" ते गुरकावले. "काम झाल्यावर जेवान, असं म्हनलाय त्यो. ए पोरांनो, उतरा खाली!"

पस्तीस फावडी एकदम दगडावर वाजू लागली. प्रार्थनानं ओढणी कमरेला बांधली आणि घमेलं उचलून रांगेत उभी राहिली. साळवे सरांनी चर्चच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पुढच्याच घमेल्याला तो सदरा पांढरा राहिला नाही.

बारवेतून येणारा तो खणखणाट बोरदऱ्यात ऐकू गेला. वनखात्यानं पिंजरा लावायला घेतला, असं गावानं ठरवलं. बिबट्याची भीती वेगळी आणि पिंजरा लावताना बघायची हौस वेगळी, हौस जिंकली. एकेक दार उघडलं. आधी पोरं, मग पोरांना धरायला आया, मग आयांना हाक मारायला बाप, असं करत सगळं गाव बारवेच्या काठावर आलं. सगळ्यात पुढे वैजनाथ, हातात ताट आणि उलथनं.

खाली तांबोळवाडी बोरदऱ्याच्या बारवेतला गाळ काढत होती.

"ह्ये काय चाललंय?" वैजनाथ ओरडले. "आमच्या बारवंला हात कुनी लावला?"

"तुमी लावीत न्हाई म्हनून आमी लावला!" खालून गोरक्षआबा म्हणाले.

असं बोलणं ऐकून घेणं बोरदऱ्याला शक्यच नव्हतं. वैजनाथांनी ताट-उलथनं बनुबाईंच्या हातात दिलं आणि धोतर खोचून पायऱ्या उतरले. त्यांच्या मागून दोनशे माणसं. फावडी कमी पडली तेव्हा लोक परातींनी गाळ उचलू लागले. तांबोळवाडीनं उत्तरेकडची बाजू धरली, बोरदऱ्यानं दक्षिणेकडची, आणि कोण आधी खालच्या पायरीला पोचतं यावरून जी चुरस लागली तीत तीन पिढ्यांचं वाकडं पुरेपूर कामाला आलं. दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेकडून आरोळी उठली. पायरीच्या दगडाखाली गाळ ओला लागत होता. अजून दोन हात खणल्यावर एका कोपऱ्यात वाटीभर पाणी झिरपून उभं राहिलं. त्या वाटीभर पाण्याकडं अडीचशे माणसं अशी बघत होती की जणू धरण भरलं.

बनुबाई खाली उतरल्या, बोट बुडवलं आणि डोळ्यांना लावलं. वैजनाथ चिखलानं माखलेले शेजारी उभे होते.

"सोमवारचं काय म्हनत हुतात, काकू?" त्यांनी हळूच विचारलं.

"सोमवारी उरलेला गाळ काढायचा हाय," बनुबाई म्हणाल्या. "लवकर ये."

जेवणाला दोन्ही गावं एका पंगतीत बसली. प्रार्थनाच्या तळहाताला चार फोड आले होते, त्यामुळे भाकरी मोडताना ती अधूनमधून "स्स" करत होती. अकरा गावांचं प्रकरण तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. एकेका ऑपरेटरला फोन करून तिनं माफी मागितली होती. सोनखडीत सरपंचांच्या गटानं आणि विरोधकांनी पेढ्यांवरून भांडून घेतलं होतं आणि सगळे घरी गेले होते. एका गावात जमलेल्या माणसांनी, आलोच आहोत तर म्हणून, गटार मोकळं केलं होतं. दोन गावांत लोक नुसत्या गप्पा मारून परतले होते. पण किती दिवसांनी असे बसलो, असं म्हणत होते म्हणे.

हात धुताना पुन्हा फोन थरथरला. कोळदऱ्याचे मुख्याध्यापक होते. प्रार्थनानं मनाची तयारी केली.

"मॅडम, सकाळी ते जे भोंग्यावर बोलत होते, ते गृहस्थ कोण?"

"सर, चूक त्यांची नाही, माझी आहे. पुन्हा असं होणार नाही, मी बदल केलाय."

"अहो, थांबा! बदल कशाला केलात?" मुख्याध्यापक घाबरून म्हणाले. "मी तीन वर्षं शाळेचं मैदान सपाट करा म्हणून गावाला विनवतोय, कुत्रं फिरकत नाही. आज शंभर माणूस आपसूक दारात उभं. मी आयत्या वेळी मैदान दाखवलं. निम्मं सपाट झालंय. निम्मं राहिलंय. माझं गाव माझं ऐकत नाही हो. त्या साहेबांचा आवाज त्यांना मानवला. पुढच्या रविवारी तेवढे एकदा ओरडतील का, विचारता?"

प्रार्थनानं पंगतीकडे पाहिलं. बिभीषण सकाळपासून जेवला नव्हता. बनुबाईंनी दटावून बसवलं तेव्हा कुठं सगळ्यात शेवटच्या पानावर, मान खाली घालून बसला होता. ती त्याच्यापाशी गेली आणि फोन त्याच्यापुढं धरला.

"बिभीषणदादा, तुमच्यासाठी आहे."

त्यानं भीत भीत फोन कानाला लावला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. एकदा प्रार्थनाकडे पाहिलं, एकदा बनुबाईंकडे. मग पाठ सरळ केली, फोनवर हात ठेवून घसा नीट खाकरला आणि म्हणाला,

"बोलतो की सर. आठला बोलू का साडेआठला?"